फोनचा वेग कोणाला पुरतो?

स्मार्टफोनच्या प्रोसेसरचा वेग रोजच्या वापरात आता बिनमहत्त्वाचा झाला आहे, असे मत गेल्या काही वर्षांत सर्रास मांडले जाते. त्यामागचा युक्तिवाद साधारण असा: व्हॉट्सॲप, फोटो, नकाशा, बँकेचे ॲप आणि थोडे व्हिडिओ यापलीकडे बहुतेकांचा वापर जात नाही; ही कामे आजचा कोणताही फोन करतो; तेव्हा आयफोनची चिप वेगवान की अँड्रॉइड फोनमधली, हा वाद आकड्यांच्या हौशी मंडळींनी घालत बसावा आणि बाकीच्यांनी कॅमेरा व बॅटरी पाहून फोन घ्यावा. हे मत महागड्या फोनपुरते बरेचसे खरे आहे, आणि ते मांडणाऱ्यांच्या हातात बहुधा तसाच फोन असतो. ज्यांच्याकडे आठ-दहा हजारांचा किंवा चार-पाच वर्षांचा जुना फोन आहे, त्यांच्या बाबतीत ते साफ चुकीचे आहे. भारतात अशा फोनची संख्या मोठी आहे, म्हणून या मताचा प्रतिवाद करणे गरजेचे ठरते.

आधी ‘हळू’ म्हणजे किती हळू, हे पाहायला हवे. संगणकाच्या प्रतिसादाबद्दल वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 1993 मध्ये मांडलेल्या मर्यादा आजही ग्राह्य धरल्या जातात. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात प्रतिसाद आला तर तो तत्क्षणी आल्यासारखा वाटतो. एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंद उलटले की लक्ष दुसरीकडे जाते. फोनच्या पडद्याचे गणित याहून कडक आहे. साधा पडदा सेकंदाला 60 वेळा नवे चित्र दाखवतो, म्हणजे प्रत्येक चित्र तयार करायला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. 120 हर्ट्झच्या पडद्याला 8.3 मिलिसेकंदच मिळतात. तेवढ्यात चित्र तयार झाले नाही, तर जुनेच चित्र पुन्हा दिसते आणि बोटाखालची यादी अडखळत सरकते. लोक याला फोन ‘अटकतो’ किंवा ‘हँग होतो’ म्हणतात. गूगलने 2012 मध्ये अँड्रॉइड 4.1 आणताना ‘प्रोजेक्ट बटर’ या नावाने नेमका हाच प्रश्न हाती घेतला. त्यातला एक उपाय असा होता, की पडद्याला बोट लागताच प्रोसेसरचा वेग ताबडतोब चढवायचा. नुसती यादी सरकवण्याइतक्या किरकोळ कामातही प्रोसेसरचा वेग आड येतो, हे तेव्हाच मान्य झाले होते.

आता एक रोजचे काम जवळून पाहू. आठवडी बाजारात भाजी घेतलेला माणूस पैसे देण्यासाठी फोन काढतो. फोनमध्ये 3 जीबी रॅम आहे. मघाशी व्हॉट्सॲप आणि कॅमेरा उघडल्यामुळे सिस्टीमने जागा मोकळी करायला पैशांचे ॲप मेमरीतून काढून टाकलेले आहे. त्यामुळे ते पहिल्यापासून सुरू करावे लागते. स्टोरेजमधून ॲपचा कोड वाचला जातो, तो चालू लागतो, पडद्यावर कंपनीचे चिन्ह येते. मागे फोन आणि सिम ओळखीचे आहेत ना, सिस्टीममध्ये कोणी छेडछाड केलेली नाही ना, याची तपासणी चालते. सांकेतिक लिपीत साठवलेली माहिती उलगडली जाते. मग कॅमेरा सुरू होतो आणि त्यात येणाऱ्या एकेका चित्रात क्यूआर कोडचे चौकोन शोधले जातात. कोड सापडला की विक्रेत्याचे नाव विचारायला पहिल्यांदा नेटवर्क लागते. रक्कम टाकायची, पिन टाकायचा, तो सांकेतिक लिपीत बदलायचा, आणि मग दुसऱ्यांदा नेटवर्क. शेवटी विक्रेत्याचा साउंडबॉक्स बोलतो.

या साखळीत नेटवर्कवर अवलंबून असलेले मोठे टप्पे दोन-तीनच. बाकीचे काम फोनच्या आत चालते. वेगवान फोनवर हा आतला भाग चटकन उरकतो आणि वाट फक्त बँकेची पाहावी लागते. स्वस्त फोनवर कोऱ्या पडद्यावर चिन्ह थबकून राहते, कॅमेरा उघडायला वेळ लागतो, आकडा दाबला तरी उमटत नाही म्हणून तो पुन्हा दाबला जातो आणि दोनदा उमटतो. मागे गिऱ्हाईक खोळंबते. माणूस ‘नेट स्लो आहे’ म्हणून मोकळा होतो. प्रोसेसर बिनमहत्त्वाचा आहे या समजाला अशाच चुकीच्या निदानाने बळ मिळते.

दुसरा गैरसमज कोअरच्या संख्येचा. अँड्रॉइड फोनच्या खोक्यावर ‘ऑक्टा-कोअर’ हे शब्द वर्षानुवर्षे ठळक छापले गेले आणि आठ कोअर म्हणजे भरपूर वेग, असे गिऱ्हाइकाला वाटू लागले. जानेवारी 2017 मध्ये भारतात आलेला रेडमी नोट 4 हा त्या काळचा अतिशय लोकप्रिय फोन. बॅटरी टिकाऊ, किंमत आवाक्यात. त्याने नाव कमावले ते योग्यच होते. त्यात स्नॅपड्रॅगन 625 ही चिप होती: कॉर्टेक्स-ए53 जातीचे आठ कोअर, वेग 2 गिगाहर्ट्झ. त्याआधी सव्वा वर्ष आलेल्या आयफोन 6एसमधल्या ए9 चिपला दोनच कोअर होते आणि घड्याळी वेग 1.85 गिगाहर्ट्झ, म्हणजे थोडा कमीच. तरीही प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या गीकबेंचसारख्या चाचणीत एकेका कोअरची तुलना केली, तर ॲपलचा कोअर जवळपास तिप्पट काम करत होता.

याचे कारण कोअरच्या रचनेत आहे. कॉर्टेक्स-ए53 सूचना ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने पार पाडतो, एका वेळी जास्तीत जास्त दोन. सरकारी कार्यालयातल्या खिडकीवरचा कारकून एकाचा कागद आतून सही होऊन येईपर्यंत रांगेतल्या पुढच्याला हात लावत नाही, तसे हे काम चालते. ॲपलचा कोअर ज्याचे कागद तयार आहेत त्याचे काम आधी उरकून घेतो, एका वेळी अनेकांचे घेतो, आणि नेहमी लागणारे कागद हाताशी ठेवायला त्याच्याकडे मोठे टेबलही असते. चिपच्या भाषेत याला कॅश म्हणतात. आठ खिडक्या उघडल्या म्हणून एकाच माणसाचा अर्ज आठपट लवकर निघत नाही. पडद्यावरचे बटण दाबले गेले हे ओळखणे, पुढचे पान मांडणे, यादी सरकवणे ही कामे आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर मुख्यतः एकाच धाग्यावर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालतात. म्हणून रोजच्या वापरात एकट्या कोअरचा वेग सर्वांत जास्त जाणवतो, आणि खोक्यावर छापलेला आठाचा आकडा तिथे फारसा कामी येत नाही.

वेब पानांवर हा फरक उघड दिसतो. 2018 मध्ये गूगलच्या ॲडी ओस्मानी यांनी सीएनएनच्या पानातली जावास्क्रिप्ट वेगवेगळ्या फोनवर चालवून वेळ मोजली. आयफोन 8 वर ती सुमारे 4 सेकंदांत आटोपली, मोटो जी4 वर सुमारे 13 सेकंद लागले. कोड तोच होता. मोटो जी4 मध्येही कॉर्टेक्स-ए53 जातीचे आठ कोअर होते, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. सातबारा पाहणे, प्रवेशाचा अर्ज भरणे, पीकविम्याची नोंद करणे ही कामे वेब पानांवरच होतात, आणि कितीतरी ॲपच्या पोटातही वेब पानच दडलेले असते. अर्जाची मुदत संपायला अर्धा तास उरलेला असताना प्रत्येक रकान्यानंतर अडणारे पान, हा हौशी मंडळींचा प्रश्न म्हणता येत नाही.

वेगातला फरक सामान्य माणसाला कळतच नाही, असेही एक ठाम विधान केले जाते. त्याचा पडताळा 2017 मध्ये अनायासे झाला. जुन्या आयफोनची बॅटरी क्षीण झाली की फोन अचानक बंद पडत असे. ते टाळण्यासाठी ॲपलने आयओएस 10.2.1 पासून अशा फोनमधल्या प्रोसेसरचा कमाल वेग गुपचूप खाली आणला. गिऱ्हाइकांना याचा पत्ता नव्हता. तरीही फोन मंदावल्याच्या तक्रारी येतच राहिल्या. एका वापरकर्त्याने आपल्या आयफोन 6एसची बॅटरी बदलली आणि हरवलेला वेग परत आल्याचे मोजून दाखवले. गीकबेंच बनवणाऱ्या प्रायमेट लॅब्जच्या जॉन पूल यांनी हजारो फोनच्या गुणांचा आलेख मांडला; नव्या सिस्टीमनंतर त्यात खालच्या वेगांवर वेगळे उंचवटे उगवलेले दिसत होते. डिसेंबर 2017 मध्ये ॲपलने हे मान्य केले, माफी मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर 79 डॉलरवरून 29 डॉलरवर आणला. फ्रान्समध्ये 2020 मध्ये कंपनीला 2.5 कोटी युरोचा दंड झाला, आणि त्याच वर्षी अमेरिकेतला दावा 50 कोटी डॉलरपर्यंतच्या तडजोडीने मिटवावा लागला.

या प्रकरणाकडे बहुतेक वेळा कंपनीच्या लबाडीची कथा म्हणून पाहिले जाते. वेगाच्या वादात त्याचे मोल वेगळे आहे. फोन तोच, माणूस तोच, ॲपही तीच. मुख्यतः प्रोसेसरची मर्यादा बदलली, आणि काहीही न सांगता लोकांना ते जाणवले. वेग कळत नाही म्हणणाऱ्यांकडे या पुराव्याला उत्तर नाही.

पुढच्याच वर्षी ॲपलने आयओएस 12 आणली. जून 2018 च्या परिषदेत कंपनीच्या क्रेग फेडरिगी यांनी आयफोन 6 प्लसचे उदाहरण देऊन सांगितले, की ॲप 40 टक्क्यांपर्यंत, कीबोर्ड 50 टक्क्यांपर्यंत आणि कॅमेरा 70 टक्क्यांपर्यंत लवकर उघडेल. चिप जुनीच असताना फोन वेगवान झाला, म्हणजे खरा खेळ सॉफ्टवेअरचा, चिपचा नाही, असा निष्कर्ष तेव्हापासून काढला जातो. पण या सुधारणेतला एक महत्त्वाचा भाग काय होता, तर काम येताच प्रोसेसरला एकदम वरच्या वेगावर नेणे आणि काम संपताच तितक्याच झटकन खाली आणणे. चिपमध्ये असलेला वेग योग्य क्षणी वापरण्याची ही सोय आहे. मुळात वेगच नसेल, तर सॉफ्टवेअर तो कुठून आणणार? विरोधी बाजूचा हा आवडता दाखला उलट प्रोसेसरचेच महत्त्व दाखवतो.

कंपन्या चाचण्यांत फसवणूक करतात, तेव्हा वेगाच्या आकड्यांना अर्थ नाही, हा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्यातली तथ्ये खरी आहेत. 2013 मध्ये सॅमसंग गॅलेक्सी एस4 ची एक आवृत्ती ठरावीक चाचण्या ओळखून ग्राफिक्स चिप 533 मेगाहर्ट्झवर चालवत होती. इतर वेळी ती 480 वर असे. 2018 मध्ये हुआवेचे काही फोन 3डीमार्क या ग्राफिक्स चाचणीच्या यादीतून याच कारणासाठी काढून टाकले गेले. 2022 मध्ये सॅमसंगची गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस हजारो ॲपचा वेग रोखते आणि चाचणीच्या ॲपना मोकळे सोडते, हे उघड झाले. गीकबेंचने गॅलेक्सी एस10 पासून एस22 पर्यंतच्या मालिका यादीतून वगळल्या. यावरून गुणांचे आकडे आंधळेपणाने मानू नयेत, हे नक्की ठरते. वेगच निरर्थक आहे, हे त्यावरून ठरत नाही. दांडी मारणारा दुकानदार पकडला गेला, म्हणून मालाला वजन नसते असे कोणी म्हणत नाही. 2022 मध्ये कोरियातले गिऱ्हाईक इतके संतापले, की सॅमसंगला माफी मागून वेग रोखायचा की नाही याची निवड वापरकर्त्याच्या हाती द्यावी लागली. विकत घेतलेला वेग काढून घेतला जातो तेव्हा लोक भांडतात, कारण तो त्यांच्या उपयोगाचा असतो.

व्हिडिओचा दाखला याहून कच्चा आहे. सात हजारांच्या फोनवरही यूट्यूब झकास चालते, मग आणखी वेग कशाला, असे विचारले जाते. व्हिडिओ उलगडण्यासाठी चिपमध्ये त्याच कामाचा एक वेगळा विभाग कोरलेला असतो. मुख्य प्रोसेसरला तिथे फारसे काम उरत नाही. त्याच फोनवर व्हिडिओ चालू असताना खालच्या प्रतिक्रिया भराभर सरकवून पाहाव्यात, फरक लगेच कळतो.

खोळंबा नेटवर्कमुळे होतो, फोनमुळे नाही, हा मुद्दा एकेकाळी बळकट होता. 2016 पूर्वी बहुतेक ठिकाणी पान यायलाच इतका वेळ लागे, की फोनचा संथपणा त्यात झाकला जाई. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ सुरू झाले, 4जी गावोगावी पोचले, ऑक्टोबर 2022 पासून 5जी आले. नेटवर्कमध्ये जाणारा वेळ जसजसा आटला, तसतसा एकूण खोळंब्यात फोनच्या आतल्या कामाचा हिस्सा वाढत गेला. संथ प्रोसेसरचा फोन 5जी असला, तर पान आकाशातून लवकर खाली येते आणि फोनच्या दारात ताटकळते.

फोनचा वेग रॅम आणि स्टोरेजवरही ठरतो, हा आक्षेप मात्र बराचसा मान्य करावा लागतो. ॲप एकामागून एक उघडण्याच्या शर्यतीत पहिल्या फेरीत एक फोन जिंकतो आणि दुसऱ्या फेरीत जास्त रॅमचा दुसरा फोन, कारण त्याने आधीची ॲप मेमरीत धरून ठेवलेली असतात. स्वस्त फोनमधले ईएमएमसी स्टोरेज घाटातल्या एकेरी पुलासारखे असते: एका वेळी वाचन तरी होते नाहीतर लेखन तरी. पार्श्वभूमीला ॲप अपडेट होत असताना फोन गोठतो तो बऱ्याचदा यामुळे. यूएफएस स्टोरेजमध्ये दोन्ही दिशांची वाहतूक एकदम चालते. शिवाय स्टोरेज शुभप्रभातच्या चित्रांनी काठोकाठ भरले, की ते आणखी मंदावते. म्हणून प्रोसेसर एकटा सर्वकाही ठरवतो असे म्हणणे चूक होईल. मात्र कमी किमतीच्या फोनमध्ये संथ प्रोसेसर, तोकडी रॅम आणि ईएमएमसी या तिन्ही गोष्टी बहुधा एकत्रच येतात. रॅम कमी म्हणून ॲप पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते, आणि त्या वेळी संथ प्रोसेसर पुन्हा नडतो.

उष्णतेचा विषय जाहिरातींत कधीच नसतो. फोनला पंखा नसतो. चिप तापली की ती स्वतःचा वेग कमी करते. 2015 मध्ये स्नॅपड्रॅगन 810 ही चिप तापण्यावरून बदनाम झाली आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस6 साठी तिच्याऐवजी स्वतःची चिप वापरली. ॲपल आपल्या फोनसाठी 0 ते 35 अंश सेल्सिअस हे बाहेरचे तापमान योग्य मानते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपुरात पारा 45 च्या आसपास असतो. दुचाकीच्या हँडलला फोन बांधून भर दुपारी नकाशा पाहत पार्सल पोचवणाऱ्या मुलाचा फोन उन्हाने आणि स्वतःच्या कामाने तापतो, पडदा अंधुक होतो, नकाशातला बाण मागे पडतो आणि वळण हुकते. ज्या चिपला हेच काम निम्म्या ताकदीत जमते, ती कमी तापते. जास्त वेगाच्या चिपचा उपयोग इथे वेग दाखवण्यासाठी होत नाही, तग धरण्यासाठी होतो.

आयफोन की अँड्रॉइड, या भांडणात किमतीची बाजू झाकली जाते. ॲपलने सप्टेंबर 2013 मध्ये आयफोन 5एसमध्ये ए7 ही स्मार्टफोनमधली पहिली 64-बिट चिप आणली, तेव्हा क्वालकॉमच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने ती जाहिरातबाजी ठरवली होती. कंपनीला लवकरच ते विधान मागे घ्यावे लागले आणि पुढे सगळा उद्योग त्याच वाटेने गेला. तेव्हापासून बरीच वर्षे एका कोअरच्या वेगात ॲपल पुढे राहिली. आता ते अंतर खूप घटले आहे. 2024 ची स्नॅपड्रॅगन 8 एलिट सर्व कोअर मिळून करायच्या चाचण्यांत ॲपलच्या तोडीस तोड उतरते. एक लाखाचा आयफोन आणि एक लाखाचा अँड्रॉइड फोन यांच्यातला वेगाचा फरक रोजच्या वापरात कोणाला जाणवणार नाही. इथे विरोधी मत बरोबर आहे.

पण ॲपल संथ चिप घालून नवा फोन विकतच नाही. 2020 च्या आयफोन एसईमध्येसुद्धा त्या वेळच्या सर्वांत महाग आयफोनमधलीच ए13 चिप होती, आणि तो फोन भारतात 42,500 रुपयांना आला होता. अँड्रॉइडचा पसारा सात हजारांपासून दीड लाखांच्याही पुढे आहे. ‘अँड्रॉइड हळू असतो’ असे म्हणणारा बहुधा दहा हजारांच्या फोनची तुलना साठ हजारांच्या फोनशी करत असतो, आणि ‘अँड्रॉइडही तितकाच वेगवान आहे’ असे उत्तर देणाऱ्याच्या हातात सत्तर हजारांचा फोन असतो. दोघांच्या वादात दहा हजारांच्या फोनवाल्याचा प्रश्न बाजूलाच राहतो.

फोनच्या आयुष्याचा हिशेब मांडला की प्रोसेसरचे महत्त्व आणखी ठळक होते. रॅम, स्टोरेज आणि चिप फोनमध्ये नंतर बदलता येत नाहीत, आणि ॲप तर दरवर्षी जड होत जातात. 2015 चा आयफोन 6एस आयओएस 9 घेऊन आला आणि 2021 मधल्या आयओएस 15 पर्यंत चालला. सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त वाटणारा वेग त्याला शेवटच्या वर्षांत कामी आला. गूगलने ऑक्टोबर 2023 मध्ये पिक्सेल 8 साठी आणि सॅमसंगने जानेवारी 2024 मध्ये गॅलेक्सी एस24 साठी सात वर्षे अपडेट देण्याचे वचन दिले. पहिल्याच दिवशी जेमतेम पुरणाऱ्या चिपवर असे वचन दिले तरी ते निभावणे अवघड आहे. मध्यमवर्गीय घरात फोन एका माणसापाशी संपतही नाही. मुलाने नवा घेतला की जुना आईकडे जातो, तिच्याकडून शाळकरी भावंडाकडे. तिसऱ्या हातात पोचेपर्यंत त्या फोनचा वेग ॲपच्या वाढलेल्या वजनाला पुरत नाही, आणि ‘कोणताही फोन चालतो’ हा सल्ला देणारा तोवर दोन नवे फोन घेऊन मोकळा झालेला असतो.

या खोळंब्याची जबाबदारी फोन बनवणाऱ्यांइतकीच ॲप बनवणाऱ्यांवरही येते. क्रोम ब्राउझरच्या विकासकांसाठीच्या साधनांत प्रोसेसर चौपट किंवा सहापट संथ करून पान तपासण्याची सोय आहे आणि ती फुकट आहे. बँका, विद्यापीठे आणि सरकारी खाती यांनी आपली पाने आणि ॲप लोकांसमोर आणण्यापूर्वी ती बाजारातल्या सर्वांत स्वस्त फोनवर, भरलेल्या स्टोरेजसह चालवून पाहणे सक्तीचे करायला हवे. तसे होईपर्यंत फोन घेणाऱ्याने दुकानातल्या नमुन्याच्या रिकाम्या फोनवर विसंबू नये. त्याच मॉडेलचा वर्षभर वापरलेला फोन ओळखीत कोणाकडे असेल, तर त्यावर पैशांचे ॲप उघडून क्यूआर कोड वाचायला किती वेळ लागतो ते पाहावे.